शेततळ्यातील रोहू-कटला : गळाला आमिष कोणते, पाण्यात चारा किती?



गाळप हंगाम आटोपला, की गटागटांतून फिरताना आम्हांस उसाइतकेच माशांविषयी प्रश्न विचारले जातात. "साहेब, तळ्यात बीज सोडून आठ महिने झाले, मासा दिसतो पण गळाला काही लागत नाही, काय लावावं?" हा त्यांतला नेहमीचा प्रश्न. दुसरा प्रश्न जरा दबक्या आवाजात येतो : "कारखान्यातून डबाभर मळी मिळेल का? माशाला गोड लई आवडतं म्हणतात." सबब या अंकात खोडव्याचा विषय बाजूला ठेवून माशाच्या आमिषाचा आणि चाऱ्याचा विचार करू. ऊस खात्याने हा विषय काहून घ्यावा, असे कोणी म्हणेल. तळी खोदली ती उसाच्या ठिबकासाठी, मासा त्यात नंतर आला. पाणी नासले तर नुकसान दोघांचे आहे, आणि पाणी नासते ते बहुधा चाऱ्यानेच. त्यामुळे हा विषय आमच्याच खात्यात येतो.

आपल्या पाथरी तालुक्याच्या दक्षिण अंगाने गोदावरी वाहते. ढालेगाव, तारुगव्हाण आणि मुदगल येथे तिच्यावर बंधारे झाले आहेत. १९७६ साली जायकवाडीचे लोकार्पण झाले, पुढे २०८ किलोमीटर लांबीच्या डाव्या कालव्याचे पाणी आपल्या शिवारात आले आणि त्यामागून ऊस आला. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेतून तळी वाढली. मासे खाणारे आपल्याकडे पूर्वीही होतेच, पण मासा पाळणारा ऊसकरी ही अलीकडची गोष्ट आहे. त्यामुळे आजोबांना विचारून या कामातले ज्ञान मिळत नाही. नदीकाठच्या भोई बांधवांना ते आहे, परंतु त्यांची विद्या जाळ्याची. गळाची रीत निराळी.

प्रथम दोन शब्द वेगळे करून घेऊ. गळाच्या टोकाला लावतो ते आमिष. मासा त्या जागी यावा म्हणून पाण्यात नुसते टाकतो तो चारा. बंगालमध्ये या दोहोंसाठी 'टोप' आणि 'चार' असे दोन स्वतंत्र शब्द रूढ आहेत, आणि तिकडचा मासेमार टोपापेक्षा चाराचीच चिंता जास्त करतो. आपल्याकडे नेमके उलटे. आमिषावर तासभर चर्चा चालते, चारा मात्र पाटीभर आणून एकाच ठिकाणी ओततात. मासा न लागण्याचे आणि तळे बिघडण्याचे मूळ बहुतेक वेळा येथेच असते.

कोण कुठे खातो

तळ्यात साधारणपणे रोहू, कटला, मृगळ हे तीन देशी आणि सायप्रिनस, गवत्या, चंदेरा हे तीन विदेशी मासे असतात. यांतला सायप्रिनस १९३९ साली श्रीलंकेतून निलगिरीत आला, आणि त्याची उष्ण पाण्याला मानवणारी बँकॉकची जात १९५७ साली कटकला आली. त्याच १९५७ च्या जुलै महिन्यात हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी ओडिशातील अंगुल येथे टोचणी देऊन देशी कार्प माशांची वीण यशस्वी केली. आज आपण हंडीत बीज आणतो ते या कामामुळे. त्याआधी पुराच्या पाण्यातून बीज गाळून घ्यावे लागत असे.

या सहांची खाण्याची जागा वेगवेगळी आहे आणि आमिषाचा सगळा विचार तेथूनच सुरू होतो. कटल्याचे तोंड मोठे आणि वर उघडणारे. तो वरच्या थरात तरंगणारे बारीक जीव गिळतो. तळाशी पडलेल्या गोळीकडे तो सहसा बघत नाही. रोहू मधल्या थरात वावरतो, त्याच्या ओठांना झालर असते, काठाचे शेवाळ आणि मऊ वनस्पती तो खरवडतो. मृगळ आणि सायप्रिनस हे तळाचे गडी. सायप्रिनस तर डुकरासारखा तळ उकरतो. त्याच्या तोंडाशी मिश्यांच्या दोन जोड्या असतात, त्यांनी तो चिखलातले खाद्य चाचपतो. गवत्या पाला खातो. चंदेरा पाण्यातले हिरवे सूक्ष्म शेवाळ गाळून खातो, म्हणून त्याला गळावर आणण्याचा नाद सोडावा. त्याला जाळेच पाहिजे.

तेव्हा "चांगले आमिष कोणते?" हा प्रश्न अर्धा आहे. आपल्याला मासा कोणता पाहिजे आणि तो किती खोलीवर आहे, हे आधी ठरवले पाहिजे. खोली मोजण्यास दोरीला हात-हातावर गाठी मारून खाली दगड बांधला, की काम भागते.

आणखी दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. कार्प कुळातल्या माशाच्या जबड्याला दात नसतात. दात असतात ते घशात. त्याला पोटाची पिशवीही नसते. खाल्लेले सरळ आतड्यात जाते. त्यामुळे तो एकदाच पोट भरून घेत नाही, दिवसभर थोडे थोडे खात फिरतो. आणि खाताना तो चावत नाही, तर ओढून घेतो, चाचपतो, आणि संशय आला की फुंकून बाहेर टाकतो. गळ टोचायला मिळणारा वेळ हा एवढाच. या कुळाच्या माशांचे कानही तिखट असतात, कारण हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते. काठावर मोटार चालू ठेवून, पोराबाळांचा गलबला करून बसणाऱ्याने आमिषाला दोष देऊ नये.

आमिषाची निवड

सर्वांत सोपे आणि आपल्या घरात असलेले आमिष म्हणजे कणकेची गोळी. दोन वाट्या कणीक, एक वाटी भाजून कुटलेली शेंगदाणा पेंड, आणि सुपारीएवढा गूळ पाण्यात विरघळवून घ्यावा. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळावे. गोळी गळावर टिकत नाही ही सर्वांची तक्रार असते. त्यावर कापूस हा आपल्या परभणीकडचा उपाय आहे. सरकी काढलेल्या कापसाचे तंतू मोकळे करून चिमूटभर कणकेत मळले, की गोळी धरून राहते. तयार गोळी आधी बादलीत टाकून पाहावी. पंधरा-वीस मिनिटांनी ती कडेने हळूहळू सुटत असावी. दोन मिनिटांत विरघळली तर कामाची नाही, आणि तासभर दगडासारखी राहिली तर तिचा वास पाण्यात उतरणार नाही. म्हणजे तीही कामाची नाही.

रोहू आणि सायप्रिनसला ही गोळी चालते. हरभऱ्याएवढी ते सुपारीएवढी, माशाच्या मापाने करावी. मृगळाचे तोंड लहान, त्याला बारीक गोळी द्यावी. कटल्यासाठी हीच कणीक थोडी सैल मळून भाताचा कोंडा अधिक घालावा आणि तरंगणाऱ्या काडीच्या आधाराने पाण्याच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात लोंबकळत ठेवावी. गवत्यासाठी कणीक लागत नाही. घास किंवा मक्याची कोवळी पात दुमडून गळावर लावली की पुरते, पावाचा तुकडाही वर तरंगत ठेवता येतो. उसाचा चरबरीत पाला मात्र त्याला देऊ नये. तो मऊ पाला असताना राठ पाल्याला तोंड लावत नाही.

मक्याचे दाणे हे सायप्रिनससाठी उत्तम आमिष. दाणे एक दिवस भिजवावेत आणि फुटेपर्यंत उकडावेत. हरभरे, गहू, ज्वारी यांनाही हीच रीत. कोरडे दाणे पाण्यात टाकू नयेत. ते माशाच्या आतड्यात फुगतात. दाण्याचा मोठा फायदा असा, की चिलापीसारखी बारकी मासळी कणकेची गोळी टोचून टोचून संपवते, पण मक्याच्या दाण्यापुढे तिचे फारसे चालत नाही. ज्याच्या तळ्यात चिलापी शिरली आहे त्याने कणीक विसरावी आणि मक्याकडे वळावे, असे आमचे मत आहे.

गांडुळाला सगळेच मासे येतात, आणि तोच त्याचा दोष आहे. नदीत गांडूळ लावले की रोहूच्या आधी शिंगटा येतो आणि गळ पार पोटापर्यंत गिळतो. पावसाळ्यात पाणी गढूळ असताना, म्हणजे डोळ्यांपेक्षा नाकाचे काम जास्त असते तेव्हा, गांडूळ उपयोगी पडते. एरव्ही कार्पसाठी पीठ-दाणा बरा.

वासाचे काय? बंगालमध्ये भाजलेली मेथी, एकांगी नावाची सुवासिक मुळी, लाल मुंग्यांची अंडी असे नाना प्रकार चाऱ्यात घालतात आणि प्रत्येक जण आपली कृती लपवून ठेवतो. आमच्या अनुभवात भाजलेली मेथीपूड आणि ताजी पेंड एवढ्यात काम होते. माशाला वास कळतो तो पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थांचा. नुसता तेलकट वास वर तरंगून जातो. म्हणून बाटलीतली अत्तरे घेण्यात पैसे घालवू नयेत. पेंडीला बुरशी आलेली असेल तर ती फेकावी. शेंगदाणा पेंडीवरची बुरशी जनावराला जशी विषारी तशी माशालाही.

वासावरून एक गंभीर गोष्ट सांगायची आहे. हुमणी आणि वाळवीसाठी आपण उसात क्लोरपायरीफॉस वापरतो. हे औषध माशाला अत्यंत विषारी आहे. फवारणी किंवा आळवणी करून आलेल्या हाताने कणीक मळू नये, आणि औषधाच्या रिकाम्या डब्यात चारा भिजवू नये. पंप तर तळ्याच्या काठावर धुऊच नये. गळाला मासा न लागणे सोडा, सकाळी सगळे तळे पांढरे दिसेल.

गोडाचा हिशेब

आता मळीकडे येऊ. कार्पला गोड आवडते ही समजूत खोटी नाही आणि नवीही नाही. १६५३ साली इंग्लंडात आयझॅक वॉल्टन याचे गळाच्या मासेमारीवरचे पुस्तक निघाले. त्यात कार्पसाठी मध किंवा साखर घातलेल्या गोळ्यांची शिफारस आहे, आणि बसायच्या काही तास आधी त्या जागी चारा टाकून ठेवावा असेही त्याने सांगितले आहे. आपला दाखला तर त्याहून पाचशे वर्षे जुना आहे. कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य आपल्या या भागावर होते. त्यांच्यातील सोमेश्वर तिसरा या राजाने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओव्या गातात, याची नोंद असलेला ग्रंथ तो हाच. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोद म्हणून एक प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना घालायचे खाद्य, गळ आणि दोरी यांचा त्यात विचार केला आहे. राजेलोक लढाईखेरीज काय करीत, याचे उत्तर म्हणूनही ते प्रकरण वाचण्याजोगे आहे.

परंतु कारखान्याची मळी आम्ही कोणाला देऊ शकत नाही. मळीपासून मद्यार्क होतो, त्यामुळे तिचा साठा आणि वाहतूक राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या नियंत्रणाखाली असते, टाकीतल्या मापाचा हिशेब ठेवावा लागतो. सभासद म्हणून डबा मागणे आणि कर्मचारी म्हणून तो भरून देणे, दोन्ही नियमाबाहेरचे. गोडी पाहिजे असेल तर गूळ आहे, काकवी आहे.

आणि तीही बेताने, कारण येथे हिशेब कडक आहे. आपण साखरेची माणसे, तेव्हा साखरेचाच घेऊ. एक किलो साखर पाण्यात पूर्णपणे कुजायला सुमारे १,१२० ग्रॅम प्राणवायू लागतो. ३० अंश उष्णतेच्या पाण्यात जास्तीत जास्त प्राणवायू मावतो तो लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास. भागाकार केला तर एक किलो साखर दीड लाख लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू खाऊन टाकू शकते. ३० बाय ३० मीटर लांबी-रुंदीचे आणि ३ मीटर खोल तळे पूर्ण भरले असता त्यात अंदाजे २२ लाख लिटर पाणी असते. एप्रिल-मेमध्ये उसाला देऊन देऊन ते पाव उरले, म्हणजे साडेपाच लाख लिटर. त्या पाण्यात साडेतीन किलो साखर कुजली तर कागदावर तरी प्राणवायू संपला. गुळात साखरेचे प्रमाण थोडे कमी, पेंड सावकाश कुजते, पण दिशा तीच.

प्रत्यक्षात सगळे एका दिवसात कुजत नाही, आणि दिवसा शेवाळ आणि वारा मिळून प्राणवायूची भर घालत असतात. म्हणून पाटीभर चारा टाकूनही काही घडले नाही, असे सांगणारे भेटतात. घडते ते ढगाळ दिवसानंतरच्या रात्री. रात्री शेवाळही प्राणवायू घेते, देत नाही. पहाटेपर्यंत तो अगदी खालावतो. तीन मिलिग्रॅमच्या खाली गेला की रोहू-कटला हैराण होतात आणि पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडी करतात. ते पाहून "मासा वर आला, भुकेला दिसतोय" म्हणून आणखी चारा टाकणारे महाभाग आहेत. अशा वेळी चाऱ्याचा कणही टाकू नये. पंप सुरू करून तळ्यातलेच पाणी उंचावरून पुन्हा तळ्यात पाडावे, नळीचे तोंड हवेत धरून शिंपडावे. ऊन वर येईपर्यंत हे चालू ठेवावे.

साखर कारखान्याचे सांडपाणी प्रक्रिया न करता ओढ्यात गेले तर मासे मरतात, तेही नेमके याच कारणाने. गोड पाण्यात विष असतेच असे नाही, प्राणवायू उरत नाही.

चारा किती? तळ्यात ४०० मासे असून प्रत्येकी अर्धा किलो भरत असतील तर एकूण २०० किलो मासळी झाली. रोजचे खाद्य दोन टक्क्यांच्या हिशेबाने चार किलो. गळ टाकायच्या दिवशीचा चारा याच चार किलोंतून वजा करावा, वरून घालू नये. आणि गळासाठी अर्धा किलो चारा पुष्कळ होतो. त्यात गूळ मूठभरापेक्षा जास्त नसावा. जादा चाऱ्याचा आणखी एक परिणाम ठिबकवाल्यांना माहीत आहे : पाणी हिरवे होते, शेवाळ वाढते, आणि वाळूची गाळणी दर दोन दिवसांनी उलटे पाणी सोडून धुवावी लागते.

चारा टाकण्याच्या रीती

आधी सवय लावणे ही पहिली रीत. तीन-चार दिवस रोज एकाच वेळी, एकाच जागी, दोन मुठी चारा टाकावा. ज्यांच्या तळ्यात रोज खाद्य घालतात त्यांना हे आयतेच मिळते. खाद्य टाकण्याच्या वेळी, खाद्य टाकण्याच्या जागी गळ टाकला की झाले. मासा वेळ ओळखतो. कोंबड्यांना हाक मारली की धावतात, तसाच प्रकार.

दुसरी गोष्ट एका जागी टाकायचे की पसरायचे ही. तळाच्या माशांसाठी, म्हणजे मृगळ आणि सायप्रिनससाठी, एका जागी टाकावे. लिंबाएवढे चार-पाच गोळे, सुपाएवढ्या जागेत. दर अर्ध्या तासाने एक. मासा थोडे खातो, आजूबाजूला शोधतो, आणि शोधताना त्याला आपली गोळी सापडते. ढीग टाकला तर त्या ढिगात आपली एक गोळी कशाला सापडेल? पोट भरून तो निघून जातो. चाऱ्याने माशाला बोलवायचे, जेवू घालायचे नाही. या कामात हात आखडता घ्यावा लागतो, आणि आपल्या पाहुणचाराच्या सवयीमुळे तेच जमत नाही.

कटल्यासाठी उलट. भाताचा कोंडा आणि बारीक कुटलेली पेंड किंचित ओलसर करून मुठीने पाण्यावर भुरभुरावी. तिचा धुरळा पाण्यात हळूहळू खाली उतरतो आणि त्या धुरळ्यात कटला तोंड उघडून फिरतो. गळ त्याच्या मधोमध लोंबता पाहिजे. येथे घट्ट गोळा टाकून उपयोग नाही, तो तळाशी जाईल आणि मृगळ खाईल.

रोहू दोन्हीकडे येतो, पण त्याला पट्टा आवडतो असे आम्हांस दिसते. काठापासून आत, उतरणीच्या कडेने, आठ-दहा हात लांबीचा विरळ पट्टा उकडलेल्या दाण्यांनी आखावा आणि गळ पट्ट्याच्या टोकाशी ठेवावा. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात तळाला चिखल नसतो. त्यामुळे तळाच्या माशांना नैसर्गिक खाद्य कमी मिळते आणि ते चाऱ्यावर लवकर येतात. काळ्या मातीच्या उघड्या तळ्यात अथवा बंधाऱ्यात त्यांना चिखलात पुष्कळ खायला असते, तेथे धीर धरावा लागतो.

वाहत्या पाण्यात चारा काळ्या मातीत मळून जड करावा, नाहीतर तो पुढच्या गावात जातो. बसल्या जागेच्या वरच्या अंगाला टाकावा, म्हणजे वाहत खाली आपल्या गळाशी येईल. बंधाऱ्याच्या फळ्यांजवळ आणि नदीच्या पात्रात उतरून बसू नये. वरून पाणी सोडले की चढ कळायच्या आत येतो. कालव्यात आवर्तन चालू असताना गळ टाकणे हा तर जिवाशी खेळ आहे. अस्तराच्या कालव्यात पडलेल्याला धरायला काही नसते.

काळवेळ असा : उन्हाळ्यात सकाळी सात ते दहा आणि पुन्हा उन्हे कलल्यावर. थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, परभणीकडे पहाटेचा पारा दहाच्या खाली उतरतो. पाणी गार झाले की रोहू-कटल्याची भूक मरते, सायप्रिनस मात्र थोडाफार खातो. तेव्हा थंडीत नऊच्या आधी घर सोडण्यात अर्थ नाही, चारा निम्म्यावर आणावा आणि आमिष बारीक करावे. जून-जुलैत नदीतला मासा अंड्यावर असतो, त्याला सोडून द्यावे.

गळ आणि दोरीबद्दल फार लिहीत नाही, कारण तो दुकानदार सांगतो. किलोभर माशाला सहा ते आठ नंबरचा गळ आणि ०.३० मिलिमीटर जाडीचा तंगूस पुरतो. गळाचा नंबर वाढला की गळ लहान होतो, हे नवख्यांनी लक्षात घ्यावे. एक युक्ती मात्र सांगण्याजोगी आहे. इंग्लंडमध्ये १९८० च्या सुमारास ती प्रचारात आली. मक्याचा दाणा गळात टोचायचा नाही. गळाच्या वाकाला बोटाच्या पेरापेक्षा कमी लांबीचा, केसासारखा बारीक दोरा बांधायचा आणि दाणा त्याला ओवायचा. गळ उघडाच राहतो. वर सांगितलेच, की मासा दाणा ओढून घेतो आणि संशय आला की फुंकतो. दाणा आत जाताना मोकळा गळही मागोमाग आत जातो आणि फुंकताना ओठात रुततो. शेपन्नास ग्रॅमचे वजन दोरीला असेल तर तो स्वतःच टोचून घेतो. सायप्रिनससाठी ही रीत अवश्य करून पाहावी.

कोणाच्या पाण्यात बसतो आहोत

स्वतःच्या तळ्यात विचारायचे कोणाला नाही. बंधाऱ्यात तसे नाही. तेथील मासेमारीचे हक्क शासनाकडून मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात आणि संस्था स्वतःच्या पैशाने बीज सोडतात. आपणही सहकारी संस्थेचे सभासद आहोत. आपल्या नोंदीच्या उसातून कोणी मोळी बांधून नेली तर आपण गप्प बसत नाही. संस्थेच्या चेअरमनला किंवा सचिवाला आधी विचारावे, शुल्क असेल ते भरून पावती घ्यावी. सुरुंगाची दारू किंवा विष टाकून मासे मारणे १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. तसे मारलेले मासे खाणाऱ्यालाही धोका आहे.

गळाने धरलेल्या माशावरून सगळ्या तळ्याचे वजन काढू नये, हेही येथे सांगितले पाहिजे. व्यापाऱ्याशी सौदा करण्यापूर्वी काही सभासद चार मासे गळाने काढून सरासरी धरतात. गळाला आधी येतो तो धीट आणि खादाड मासा, आणि बहुधा तोच मोठा असतो. त्यामुळे अंदाज फुगतो आणि काढणीच्या दिवशी वाद होतो. वजनासाठी फेकजाळे तीन-चार ठिकाणी टाकावे, प्रत्येक जातीचे पंधरा-वीस मासे तोलावेत. चार दिवस चारा टाकलेल्या जागेवर मात्र जाळे टाकू नये, नाहीतर तीच चूक जाळ्यानेही होईल.

राहता राहिले काठाचे. प्लास्टिकच्या कागदाला शेवाळ धरले की तो साबणासारखा होतो. पोहणारा माणूससुद्धा त्यावरून वर येऊ शकत नाही, हात आणि पाय दोन्ही घसरतात. शेततळ्यात बुडून मुले आणि त्यांना काढायला उतरलेली मोठी माणसे दगावल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. चारा टाकायला मुलांना एकटे पाठवू नये. चारही कोपऱ्यांना गाठी मारलेला जाड दोर खुंटाला बांधून तळापर्यंत सोडावा, हवा भरलेली ट्यूब काठावर ठेवावी, कुंपणाला फाटक आणि फाटकाला कडी असावी. गळ अडकला तर तो तोडावा, पाण्यात उतरू नये. ज्यांच्या तळ्यावर अजून दोर नाहीत त्यांनी आपल्या गटाच्या शेतकी मदतनिसास सांगावे. दोर कसा बांधावा, खुंट किती आत ठोकावा, हे तो प्रत्यक्ष येऊन दाखवील. ऊस नोंदीसाठी तो तुमच्या शिवारात येणारच आहे, त्याच फेरीत हे काम करून घ्यावे.

— ऊस विकास अधिकारी